दांडी बरोबर चालली म्हणजे जायरोही बरोबर, असं नाही

मुंबईतल्या मॉडेल विमानवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘स्टॅबिलायझर बसवा, रिमोटची दांडी बरोबर चालली की उडवा.’ कृपया असं करू नका. स्टॅबिलायझर म्हणजे विमान झुकलं की आपोआप सावरणारं छोटं यंत्र, आणि जायरो म्हणजे त्यातला झुकणं ओळखणारा भाग. रिमोटवर चॅनेल रिव्हर्स केलं (म्हणजे एखादा कंट्रोल उलट्या दिशेने चालेल असं सेटिंग केलं) तर बहुतेक वेळा फक्त दांडीची दिशा बदलते, जायरोची दिशा स्टॅबिलायझरमध्येच वेगळी तपासावी लागते.

प्रॉपेलर काढा, जायरो चालू ठेवा आणि उजवा पंख झटकन खाली झुकवा. उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली, डावं वर गेलं पाहिजे. नाक उचललं तर एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) खाली. उलटं दिसलं तर विमान जमिनीवरच ठेवा, कारण असा जायरो झुकाव सावरत नाही, वाढवतो. परवा दादरला एका मुलाचं नवंकोरं विमान टेबलावरच असं सापडलं, फार बरं वाटलं.

आणि गुरुत्वमध्य (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) चुकला असेल, तर तो स्टॅबिलायझरने सुधारत नाही.