‘टीव्हीसमोर बसून ऑपरेशन थिएटर कळत नसतं, ताई’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘परखड वाचक’ यांस,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा मेथी निवडताना मोबाइलवर. ती जुडी मग तशीच राहिली. दुसऱ्यांदा चष्मा लावून. तिसऱ्यांदा आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली, तर हे म्हणाले, "सोड ना." सोडणारच होते. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस दाताच्या फटीत अडकलेल्या कणासारखं सलतंय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात मी ‘मॅश’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेच्या डीव्हीडी-संचाबद्दल लिहिलं होतं. कोरियाच्या युद्धातलं एक फिरतं लष्करी रुग्णालय, तिथले डॉक्टर, नर्सेस आणि त्यांची थट्टामस्करी. संच २००६ साली निघालेला, ३६ डिस्कचा; भाच्याने अमेरिकेहून आणलेला. मी म्हटलं होतं की या खोक्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एक छोटीशी सोय. आवाजाच्या मेनूत जाऊन मागचा रेकॉर्ड केलेला हशा बंद करता येतो. तो बंद करूनच बघा, असा माझा आग्रह होता.

त्यावर तुमचं म्हणणं असं : मी सनावळीत चुकले, हशा बंद करणं म्हणजे मूळ मालिकेत ढवळाढवळ, हशासाठी सोडलेल्या जागा मग रिकाम्या पडतात आणि संवादांची लय मोडते, मालिकेत कोरियन माणसं नावापुरती आहेत त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, आणि असली खोकी आता कोण घेतं. शिवाय ते वाक्य. त्याच्याकडे येते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. कोरियाचं युद्ध ‘चार वर्षं’ चाललं असं मी लिहिलं होतं. चूक. २५ जून १९५० ला सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, म्हणजे तीन वर्षं आणि वर एक महिना. लेखात दुरुस्ती केली आहे. त्यापुढे "अभ्यास वाढवा" लिहायची काही गरज नव्हती, पण तेवढ्याने बरं वाटलं असेल तर असो. त्या लोकांनी तीन वर्षांच्या युद्धावर १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं मालिका ओढली. मी एकच वर्ष ओढलं.

आता ते वाक्य. तुमच्याच शब्दांत : "टीव्हीसमोर बसून ऑपरेशन थिएटर कळत नसतं, ताई. पोट उघडलेल्या माणसाशेजारी विनोद चालतात हे तुम्हाला गोड वाटतं, ज्यांनी ते जवळून पाहिलंय त्यांना नाही."

‘ताई’पासूनच सुरू करू. धुळ्यात मला भाजीवाला ताई म्हणतो, रिक्षावाला ताई म्हणतो, गॅसचं सिलिंडर आणणारा पोरगाही ताई म्हणतो. त्याचं मला काही नाही, उलट बरंच वाटतं. पण तुमच्या वाक्याच्या शेवटी जी ताई बसवलीय ना, ती डोक्यावर मारलेली टपली आहे. करून दाखवू? आधी वाचावं, मग लिहावं, दादा. लागलं ना थोडं?

कारण वाचायचं अगदी समोरच होतं. या ब्लॉगवर माझी ओळख दोन ओळींची आहे. ‘निवृत्त परिचारिका’ एवढं त्यात लिहिलंय. तेवढंही वाचायला तुम्हाला फुरसत झाली नसेल तर सविस्तर सांगते. सरकारी नोकरी ३१ वर्षं, त्यातली २६ ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. हात धुऊन, गाऊन चढवून, सर्जनच्या समोर ट्रॉलीपाशी उभी असायचे मी. दाराबाहेर नाही, टीव्हीसमोर तर नाहीच.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग आमच्या धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे चारी दिशांचे अपघात आमच्या वाट्याला. ‘मॅश’मध्ये जखमी हेलिकॉप्टरने येतात. आमच्याकडे लळिंग घाटातून ट्रकच्या केबिनमध्ये बसवून यायचे, काळी-पिवळी जीपमधून यायचे. एकदा एक जण कापूस भरलेल्या ट्रॅक्टरमधून आला, कापसावरच आडवा टाकलेला. त्याला आत घेतलं. दोन तासांनी मी बाहेर आले तर ज्याचा ट्रॅक्टर होता तो शेतकरी ट्रॉलीत चढून उकिडवा बसला होता आणि लाल झालेला कापूस एकीकडे, पांढरा एकीकडे असा वेचत होता. वर बघून त्याने आधी माणसाचं विचारलं. "वाचना का?" मी हो म्हटल्यावर मग पुन्हा खाली मान घालून वेचायला लागला. हे मी टीव्हीवर पाहिलेलं नाही.

आणि विनोदाचं म्हणाल तर हेही ऐका. मांडीचं हाड मोडलेला एक म्हातारा, शिरपूरकडचा. पाठीत स्पायनल दिलेलं, म्हणजे कमरेखाली बधिर पण माणूस टक्क जागा. आम्ही त्याचा पाय वर उचलून बेटाडीन लावत होतो. ज्यांना हा अनुभव नाही त्यांना सांगते, तेव्हा पेशंटला समोर एक पाय हवेत दिसतो आणि तो आपला आहे असं काही केल्या वाटत नाही. आजोबा बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, हाऊ पाय मनाच शे ना?" (हा पाय माझाच आहे ना?)

आमचे सर्जन साक्रीकडचे, अहिराणी त्यांची घरचीच. मान वर न करता म्हणाले, "तुनाजोडे पावती शे का?" (तुझ्याकडे पावती आहे का?)

कुणीही आवाज करून हसलं नाही. भूलतज्ज्ञांचे खांदे हलले. माझा मास्क आतून ओला झाला. वॉर्डबॉय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आजोबा मात्र हसले, आणि तोवर १३०च्या घरात धावणारी त्यांची नाडी थोडी खाली आली. मग पुढचे दोन तास रॉड, स्क्रू, ड्रिल यांच्यापलीकडे शब्द नाही. हा विनोद तुम्हाला गोड वाटो किंवा किळसवाणा, मी तिथे होते.

ओटीत मोठ्याने का हसत नाहीत याचं कारण काही थोर नाही. हातात जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर असतो, तो हलला तर चालत नाही. आणि माझ्यासारखीला मोजायचं असतं. पोट शिवायच्या आधी मॉप (रक्त टिपायची फडकी) मोजायचे, आर्टऱ्या (रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे) मोजायच्या, सुया मोजायच्या. जितके दिले तितके परत. एक जरी कमी भरला तर सर्जनने कितीही डोळे वटारले तरी ‘बंद करू नका’ म्हणायचं. मोजताना कुणी खदाखदा हसलं की आकडा जातो. म्हणून थिएटरातला विनोद मास्कच्या आत राहतो.

आता सांगा, हे ज्या कानांनी २६ वर्षं ऐकलंय त्या कानांना, डॉक्टरने तंबूत एखादं वाक्य टाकलं की मागून पन्नास माणसं एकदम ‘हा हा हा’ करतात ते कसं वाटेल? त्या छावणीत ही पन्नास माणसं बसलीयत कुठे? मूळ लेखात मी एवढंच म्हटलं होतं. ‘गोड’ हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही, शोधून पाहा.

राहिली ढवळाढवळ. तुम्ही अभ्यासाचं बोललात म्हणून सांगते. हा हशा मालिका उभी करणाऱ्यांना नकोच होता. लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स हे दोघं त्याच्या विरोधात होते, पण सीबीएस या वाहिनीने हट्ट धरला. शेवटी तह झाला : हशा राहील, पण ऑपरेशन थिएटरच्या दृश्यांत नाही. ‘द इंटरव्ह्यू’ नावाचा कृष्णधवल भाग तर पूर्णपणे हशाविना आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका दाखवली तीच हशा काढून. तेव्हा मेनूतलं एक बटण दाबून मी मूळ कृती भ्रष्ट करतेय की करणाऱ्यांच्या मनासारखी बघतेय, ते तुम्हीच ठरवा.

संवादांमधल्या रिकाम्या जागांचं तुम्ही जे लिहिलंय तो आवडीनिवडीचा भाग आहे. मला त्या खटकत नाहीत. एखाददुसरी खटकते. कोरियन माणसांचा मुद्दा मोठा आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, तुम्हीच लिहा.

आणि ‘खोकी कोण घेतं’ म्हणाल तर मी घेते. तुमच्या त्या ऑनलाइनवर आज असलेली मालिका पुढच्या महिन्यात असेलच याची खात्री नाही. माझं खोकं कपाटात आहे आणि भाच्याशिवाय कुणाचे उपकार नाहीत. कष्ट मात्र झाले. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात. डिस्क अमेरिकेच्या, म्हणजे रीजन एकच्या. आपला भारत रीजन पाचमध्ये. आमच्या प्लेअरने पहिल्या दिवशी साफ नकार दिला. मी तो पिशवीत घालून आग्रा रोडवर दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने काही उघडलंसुद्धा नाही. ट्रे बाहेर काढला, रिमोटवर चार आकडे दाबले, पडद्यावर कधी न पाहिलेला एक मेनू आला, त्यात पाचाचं शून्य केलं, म्हणजे कुठल्याही रीजनची डिस्क चालावी. मी पैसे विचारले तर म्हणाला, "बटनं दाबाना काय पैसा लेऊ?" हे सगळं तुम्हाला सांगायची तशी गरज नव्हती. पण तुम्ही ‘मिरवायला आणलेलं खोकं’ असं लिहिलंत, आणि मिरवणारी बाई पिशवीत प्लेअर घालून भर उन्हात चालत जात नाही.

तुमच्या प्रतिक्रियेवर इतरांनी अंगठे दिलेत ते मी पाहिलं. काढून टाकणार नाही, तिथेच राहू दे.

एकच करा. कुठेही, कशावरही बघा, पण तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग बघा, मार्च १९७५ मधला. रुग्णालयाचे प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक घरी जायला निघतात. मग शस्त्रक्रिया चालू असताना ‘रेडार’ या टोपणनावाचा छावणीतला कारकून आत येतो आणि सांगतो की त्यांचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. बहुतेक नटांनाही हे पान चित्रीकरणाच्या आधी ऐनवेळी दिलं होतं. रेडारचं बोलून होतं. कुणी काही बोलत नाही, हात थांबत नाहीत. आणि त्या शांततेत कॅमेऱ्याबाहेर कुणाच्या तरी हातून एक हत्यार खाली पडतं, खणकन. ते ठरवलेलं नव्हतं. चुकून पडलं आणि त्यांनी तसंच ठेवलं.

मी तो आवाज पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकलाय. किडनी ट्रे नाही तो. ट्रे पडला की फरशीवर गोल फिरतो आणि वाजत राहतो. हे लहान काहीतरी आहे, आर्टरीएवढं, एकदाच वाजून गप्प होणारं. पण जाऊ द्या. टीव्हीसमोर बसून कळत नसतं ते.