माळकरी मामांची शिराझ

नाशिकच्या वाइन पर्यटनाच्या जाहिरातीत हमखास एक व्हरांडा असतो. समोर द्राक्षबाग, टेबलावर पेला आणि माणूस एकही नाही. बायकोच्या मामांचं घर दिंडोरी तालुक्यात. व्हरांडा आहे, बाग आहे, म्हणून जानेवारीत रजा टाकून गेलो. जाहिरातीत माणसं का नसतात ते तिथं कळलं. ती सगळी मामांच्या ओट्यावर येऊन बसलेली असतात.

"दाजी, तुमच्याकडं काय भाव चाललाय मालाला?"

आम्ही अर्धा किलोचं खोकं घेतो, त्याचा भाव मी सांगितला. ओट्यावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मधले पैसे मीच खाल्ले. मग चहा आला. तो संपेपर्यंत शेजारच्या घरून दुसऱ्या चहाचं बोलावणं. जावयाला नाही म्हणायची सोय नसते.

मी शांततेसाठी आलोय हे मामांना सांगितलं होतं. "इथं शांतताच हाये," ते म्हणाले आणि मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर गेले, कारण त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. पहाटे थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून ठिबक सुरू केलं, बांधावर शेकोट्या पेटवल्या. निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते. इकडे घसरला की मामा मला उठवतात. अजून उजाडायचं होतं तेवढ्यात शेजाऱ्याचा ब्लोअर आला. ट्रॅक्टरमागे औषधाची टाकी आणि भलामोठा पंखा, भुरी रोगाच्या फवारणीसाठी. विमान अंगणात उतरल्यासारखा आवाज. तो जरा लांब गेला तर मारुतीच्या देवळात मुक्कामाला असलेल्या दिंडीनं माईक हातात घेतला. निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला, त्यामुळे त्र्यंबकेश्वरची वाट ऐन काढणीच्या दिवसांत गावागावांतून वाहत असते.

मामाही वारकरी. गळ्यात माळ. आणि दोन एकर शिराझ, म्हणजे लाल वाइनची द्राक्षं, वायनरीच्या करारावर! आयुष्यात त्यांनी थेंब चाखलेला नाही. पण खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणारी नळी. त्यांनी एक मणी चिरडला, रस काचेवर टाकला आणि नळी माझ्या डोळ्याला लावली. "किती?" मला नुसतं निळं-पांढरं दिसलं. "बावीस हाये. अजून दोन ब्रिक्स चढू द्यायचं. खायच्या द्राक्षाला एवढी साखर लागत नाही." मी तोच मणी तोंडात टाकला. जाड साल, दोन बिया, गर चिमूटभर. साल काळीजांभळी, रस मात्र पाण्यासारखा. "लाल रंग सालीत असतो. साल रसात मुरवतात तवा वाइन लाल होती," असं मामांनी समजावलं. माझ्या ऑफिसात वाइनवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या कुणालाही हे सांगता येईल असं वाटत नाही.

पेल्याचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. मामींनी एकदा विचारलं, "काय पिता?" माझ्या तोंडून "चहा" निघून गेलं.

शेवटी परतीच्या वाटेवर एका वायनरीत शिरलो. तिथं खरोखर व्हरांडा होता, टेबल होतं आणि कुणी भाव विचारत नव्हतं. पेला आला. तो कसा फिरवायचा, नाक कुठं खुपसायचं, मिरीचा वास कसा ओळखायचा हे तिथल्या मुलीनं दाखवलं. मी डोळे मिटून नाक खुपसलं आणि फोन वाजला.

"दाजी, कुठवर पोचलात?"

बायकोनं शेजारून खरं सांगून टाकलं.

"वायनरीत? मंग बरंच झालं! आपला माल सकाळीच गेलाय तिकडं. जरा मागच्या गेटवर जाऊन बघा, लायनीत आपला ट्रॅक्टर कितवा हाये. आणि ब्रिक्स मोजताना तिथंच उभे राहा, हलू नका."

मागच्या गेटवर आपला ट्रॅक्टर नववा होता. ड्रायव्हरनं मला ओळखलं आणि थर्मासमधला चहा ओतला.