स्टॉक आहे का, काका?

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात वेल्ह्याच्या पुढे, केळद गावाजवळ, मढे घाटाच्या कड्यालगत मी माझी नवी मोटारसायकल मोठ्या अभिमानाने उभी केली होती. गाडी दोनशे सीसीची, हिरोच्या एक्सपल्स घराण्यातली. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकची चाके, इंजिनाचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर आणि बसायची जागा ८२३ मिलिमीटरवर. माझी स्वतःची उंची पाच फूट चार इंच असल्यामुळे या शेवटच्या आकड्याला पुढे महत्त्व येणार आहे. मी कणीस खात गाडीकडे कौतुकाने पाहत होतो, तेवढ्यात शेजारच्या घोळक्यातल्या एका मुलाने तिच्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली, वाकून सायलेन्सर पाहिला आणि विचारले, “स्टॉक आहे का, काका?”

कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिलेल्या गाडीला या मंडळींत ‘स्टॉक’ म्हणतात. शब्द साधा आहे, पण त्या मुलाने तो ज्या स्वरात उच्चारला, त्या स्वरात आमच्या लहानपणी लग्नकार्यात एखाद्या चाळिशीच्या गृहस्थाला “अजून कुठे जमलं नाही का?” असे विचारत असत. मी कणसाचा घास गिळून “सध्या आहे” असे म्हणालो. त्या ‘सध्या’ने मला पुढच्या आठ महिन्यांत ४२,५०० रुपयांना बुडवले.

वास्तविक माझी काहीही तक्रार नव्हती. आपल्याकडे या जातीच्या गाड्यांची मुळातच वानवा. २०११ साली दीडशे सीसीची इम्पल्स आली आणि काही वर्षांत दिसेनाशी झाली. मग २०१९ साली एक्सपल्स आली आणि आठवडाभर डांबरावरून कचेरी व रविवारी मातीतून हौस, हे दोन्ही एकाच हप्त्यात बसवणारी गाडी आमच्यासारख्यांच्या हाती लागली. अठरा अश्वशक्ती म्हणजे काही फार नव्हे, हे खरे. परंतु सत्तेचाळीस वर्षे वयाच्या, विम्याचे दावे तपासणाऱ्या माणसाला एका वेळी किती घोडे लागतात? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत चित्रफिती पाहत बसलो आणि पुढच्याच शनिवारी नाना पेठेत गेलो.

गॅरेजवाला वयाने पंचविशीतला असला, तरी त्याच्या ठायी निदान करणाऱ्या जुन्या वैद्याचा अधिकार होता. त्याने गाडी दोनदा रेस केली, डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली. “काका, गाडी श्वासच घेत नाहीये. कंपनीने घसा दाबून ठेवलाय.” हे ऐकून मलाच गुदमरल्यासारखे झाले. सायलेन्सर बदलला की गाडी मोकळी होईल, पिकअप वाढेल, शिवाय नवा सायलेन्सर दोन किलोने हलका आहे, असे त्याने सांगितले. मी १२,५०० रुपये मोजले. जुना सायलेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला, तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, “सायलेन्सर आवाज कमी करायला लावतात ना?”

रविवारी पहाटे साडेपाचला मी गाडी सुरू केली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ताबडतोब वॉचमनला बोअरवेलचा पंप जळाला का ते पाहायला पाठवले. दुसऱ्या मजल्यावर एक तान्हे बाळ होते, त्याने आपले मत स्वतंत्रपणे नोंदवले. आपल्याकडे पावणेदोनशे सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा असते, आणि डेसिबलचे मोजमाप असे लबाड आहे की आकडा तीनने वाढला तरी ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. माझा आकडा कितीने वाढला होता ते मी मोजायला गेलो नाही. मात्र कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले, कारण ती माझी नोकरीतली सवय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ (४) प्रमाणे, मालकाने परवानगी नसलेला फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडच्या अनेक शहरांत पोलीस असले सायलेन्सर जप्त करून भर रस्त्यात त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, हेही मला ठाऊक होते. तरीही मी तो काढला नाही. त्या आवाजात मला स्वतःचे वय ऐकू येत नव्हते, दुसरे कारण देता येत नाही.

आवाजाची मात्र एक गंमत असते. गाडी जोरात ओरडू लागली की ती जोरात पळते आहे असेच वाटते. मी मोबाइलवर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ७० किलोमीटर हा वेग गाठायला लागणारा वेळ आधी मोजून ठेवला होता. तो नव्या सायलेन्सरनंतर एका सेकंदाच्या दहाव्या भागाने कमी भरला, आणि तेवढी चूक माझ्या अंगठ्याचीही असू शकते. याउलट सिंहगड रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागे लवंगी फटाक्यांची माळ लागू लागली. इंजिन तापायचे, आणि कमी वेगात गाडी मिसिंग मारायची.

याचे कारण मला नंतर समजले. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि गाडीतला संगणक हे प्रमाण सांभाळत असतो. सायलेन्सर मोकळा केल्यावर हवेची ये-जा वाढते, पण पेट्रोल वाढवण्याची संगणकाची तयारी एका मर्यादेपर्यंतच असते. आयत्या वेळी चार पाहुणे वाढले म्हणून आमटीत दोन भांडी पाणी ओतावे आणि मीठ-मसाल्याला हात लावू नये, तसा हा प्रकार. गॅरेजवाल्याकडे मीठ-मसाला होताच: संगणकाला फसवून पेट्रोल वाढवणारी काड्यापेटीएवढी डबी, ६,५०० रुपये. डबी आल्यावर तो म्हणाला की आता एअर फिल्टरही मोकळा हवा, नाहीतर डबीचा उपयोग काय; त्याचे २,८०० झाले. फिल्टर बसल्यावर हवा पुन्हा वाढली, त्यामुळे डबीची चावी आणखी फिरवावी लागली, आणि चाळीसचे अ‍ॅव्हरेज एकतीसवर आले. आमटी पुष्कळ झाली होती आणि तिला आमटीची चव तेवढी नव्हती.

एका गोष्टीबद्दल मात्र गॅरेजवाल्याला श्रेय द्यायला हवे. त्याने इंजिनाकडचे तेरा दात्यांचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी ओढणारे दातेरी चक्र, काढून बारा दात्यांचे बसवले, साडेसहाशे रुपयांत. पुढचा एक दाता कमी करणे म्हणजे मागचे साधारण तीन वाढवण्यासारखे असते. महामार्गावर इंजिन जास्त फिरते आणि वरचा वेग उतरतो, पण चढावर गाडी अशी उचलते की आधीच्या २१,८०० रुपयांची लाज वाटावी. मी तिथे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

थांबलो नाही, कारण चढ जमू लागल्यावर दगडधोंड्यांतला चढ खुणावू लागला. त्यासाठी मोठ्या गुट्ट्यांचे टायर घेतले. टायरमुळे जिथे जाऊ नये तिथे जाऊ लागलो, म्हणून इंजिनाखाली जाड पत्रा आणि बाजूंना लेग गार्ड आले. सायलेन्सरने वाचवलेल्या दोन किलोंच्या बदल्यात अकरा किलो लोखंड अंगावर चढले. पत्र्याने खालची उंची खाल्ली, म्हणून मागच्या शॉकच्या लिंक बदलून गाडी दीड इंच उचलली. गाडी उंच झाल्यामुळे साईड स्टँड आखूड पडू लागला आणि मी पाठपिशवीत एक लाकडी ठोकळा घेऊन हिंडू लागलो. उभे राहून चालवताना हँडल खाली वाटते, म्हणून हँडलखाली अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसले. क्लचची वायर त्यामुळे तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. “पुरते की काका, बघा ना,” गॅरेजवाला म्हणाला, आणि त्याने ती बोटाने छेडून दाखवली.

त्याच आठवड्यात मी दांडेकर पुलाच्या सिग्नलला पडलो. वेगात पडणाऱ्या माणसाला निदान सहानुभूती तरी मिळते. मी पूर्ण थांबलो होतो, सिग्नलला अठ्ठ्याण्णव सेकंद बाकी होते, आणि मी शांतपणे डावा पाय खाली सोडला. जिथे रस्ता असायला हवा होता तिथे तो नव्हता. तो दीड इंच आणखी खाली होता. अकरा किलो लोखंडासह गाडी अत्यंत सभ्यपणे, कोणालाही घाई न करता, डावीकडे कलू लागली, आणि मी तिच्याबरोबर, हँडल न सोडता, एखाद्या बुडणाऱ्या जहाजाच्या कप्तानाप्रमाणे खाली गेलो. लेग गार्डने आपले काम चोख केले. शेजारच्या रिक्षावाल्याने उतरून गाडी उचलायला मदत केली, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, “काका, शिडी ठेवत जा बरोबर.” तेव्हापासून मी सिग्नलला दुभाजकाच्या कडेला थांबू लागलो, कारण दुभाजकाची उंची मला पुरत असे. दुभाजक नसलेले रस्ते मी टाळू लागलो.

पुढे मे महिन्यात, पूर्ण सजलेली गाडी घेऊन मी पुन्हा मढे घाटाकडे निघालो. तो प्रश्न विचारणारा मुलगा तिथे भेटेल अशी माझी काही अपेक्षा नव्हती, असे म्हणणे खोटे ठरेल. खानापूर सोडले, पाबे घाट लागला, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर क्लच दाबताच डाव्या हाताखाली ‘टण्’ असा स्वच्छ आवाज आला. वायर लिव्हरपाशी, शिशाच्या गाठीतून तुटली होती. माझ्याजवळ १,८०० रुपयांचा पान्यांचा संच होता, हवा मोजायचे घड्याळ होते, लाकडी ठोकळा होता. वायर नव्हती.

अर्ध्या तासाने दुधाचे रिकामे कॅन लटकावलेली शंभर सीसीची एक गाडी खालून आली. गाडीवरचे गृहस्थ साठीचे असावेत. त्यांच्याही गाडीत फेरफार होते: मागे कॅन अडकवायला सळईचे आकडे, सीटवर पोत्याचे अस्तर, ब्रेकच्या पायट्यावर जुन्या चपलेचे रबर तारेने बांधलेले. त्यांनी माझी तुटलेली वायर पाहिली, हँडलखालचे ठोकळे पाहिले आणि विचारले, “हे वर कशापायी उचललंय? वायर काय रबराची हाय का?”

उत्तराची त्यांना गरज नव्हती. त्यांनी आधी मला ते ठोकळे काढायला लावले. हँडल मूळ जागी बसले तशी वायरला चार बोटे ढील मिळाली. मग सीटखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरातल्या विजेच्या वायरी जोडायचा एक कनेक्टर निघाला. पकडीने वरचे प्लॅस्टिक फोडून त्यांनी आतला पितळी तुकडा वेगळा केला. हरभऱ्यापेक्षा जरा मोठा असेल, त्याला दोन बारीक स्क्रू. वायरीचे पिसारलेले टोक छाटले, बोटाने थुंकी लावून पिळले, पितळेतून ओवले आणि दोन्ही स्क्रू इतके आवळले की त्यांच्या कपाळाची शीर दिसू लागली. तो तुकडा लिव्हरच्या खाचेत अगदी मापाचा बसला. मी क्लच दाबून पाहिला. गेल्या तीन महिन्यांत तो इतका हलका कधी लागला नव्हता. पैसे विचारले तर म्हणाले, “पाच रुपयांची वस्तू, राहू द्या.” मी गाडी सुरू केली. ते दचकून दोन पावले मागे सरकले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, “दादा, तुमचा सायलेन्सर फुटलाय. वेल्ह्यात वेल्डिंगवाला हाय, पुढंच जावा.”

मी पुढे गेलो नाही. घरी आलो, माळ्यावरचा वर्तमानपत्रातला सायलेन्सर उतरवला आणि खर्चाची वही काढली. पत्रा आणि लेग गार्ड मिळून एक धरला तर आठ नग, ४२,५०० रुपये. सगळेच नग कलम १८२ अ मध्ये बसतील असे नाही. पण बसवलेच, तर दर नगाला पाच हजारांप्रमाणे ४०,००० होतात, म्हणजे दंड मला खर्चापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त पडला असता. उलटा प्रवास सोपा नव्हता. जुना सायलेन्सर बसवायला लागणारे नव्वद रुपयांचे गॅस्केट मिळायला तीन आठवडे लागले. काढलेला सायलेन्सर साडेचार हजारांना एका तरुणाने नेला, तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, “पण काका, तुम्ही स्टॉकवर का चाललाय? तब्येत बरी आहे ना?” लिंक, डबी आणि फिल्टर अजून माळ्यावर आहेत. पत्रा गच्चीवरच्या टाकीवर झाकण म्हणून छान बसला. बारा दात्यांचे स्प्रॉकेट मात्र मी काढले नाही, आणि दुसरीही एक वस्तू.

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथल्या मुलाने क्लचचा लिव्हर दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि वाकून त्या खाचेत डोळा लावला.

“काका, हे काय बसवलंय? मस्त चालतंय. कुठल्या कंपनीचं?”

“वेल्ह्याची कंपनी आहे,” मी म्हणालो. त्याने नाव लिहून घेतले.