चोर्ल्यात उकळलेली पद्मिनी आणि तो फिरता निरोप

‘जुनी गाडी तापते? हे सहा उपाय करा आणि निर्धास्त राहा’ अशा मथळ्याचा एक निरोप गेले अनेक महिने मोबाइलवर फिरतो आहे. उपाय असे: थर्मोस्टॅट काढून टाका, वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचला, रेडिएटरच्या पुढे मोठा इलेक्ट्रिक पंखा लावा, दोनऐवजी चार रांगांचा रेडिएटर बसवा, पाणी फार वेगाने फिरत असेल तर होस पाइपात चकती घालून ते हळू करा, आणि कूलंटवर पैसे न घालवता विहिरीचं साधं पाणी भरा.

साखळीच्या माझ्या मावसभावाने यातले पाच उपाय मनोभावे केले. त्याची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन काढून त्याने मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन बसवलंय, आरटीओची मंजुरी घेऊन, आरसीवर नोंद करून. गेल्या वर्षी मे महिन्यात बायकोमुलांना घेऊन तो बेळगावला निघाला. केरी मागे पडली, चोर्ला घाट सुरू झाला आणि निम्म्या चढणीवर काटा लाल पट्ट्यात गेला. थांबायला जागा सापडेपर्यंत उशीर झाला होता. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वाकलं. संध्याकाळी फोनवर त्याचं एकच वाक्य: “दादा, त्यात लिहिलेलं बहुतेक सगळं केलं होतं रे.”

हेड घासून पुन्हा सपाट करून इंजिन पुन्हा उभं राहिल्यावर आम्ही दोघांनी त्याच गाडीवर एकेक उपाय तपासला. त्यातून जे दिसलं ते इथे लिहितो.

सुरुवात थर्मोस्टॅटपासून, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेपासून. निरोप म्हणतो, ही झडप पाणी अडवते, म्हणून ती काढा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो आणि साधारण ९५ ला पूर्ण उघडलेला असतो. म्हणजे गाडी खरोखर तापते तेव्हा तो आधीच वाटेतून बाजूला झालेला असतो. तो काढल्याने फरक पडतो तो खालच्या टोकाला. भावाच्या गाडीत नेमकं हेच झालं. सपाट रस्त्यावर काटा तळाशी बसून राहायचा आणि त्याला वाटायचं, उपाय लागू पडला. प्रत्यक्षात इंजिन थंडच राहिल्यामुळे ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा संगणक, जास्त पेट्रोल सोडत होता. सायलेन्सरजवळ उभं राहिलं की वास यायचा. घाटात मात्र त्या काढलेल्या झडपेने एका अंशाचीही मदत केली नाही. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात शिरतो.

झडप अडकल्याचा संशय असेल तर ती काढून घरी घेऊन या, पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि गॅस पेटवा. दहा मिनिटांत कळतं. बिघडली असेल तर नवी घाला. तिच्यावर हवा निघायचं बारीक भोक असतं, ते वरच्या बाजूला येऊ द्या.

आता चकती. गंमत नव्हे, काळजी वाटावी अशी गोष्ट आहे: एकाच निरोपात पाणी मोकळं करायला झडप काढायला सांगितलंय आणि चार ओळींखाली ते अडवायला चकती घालायला. कारण दिलंय की ‘पाण्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळाला पाहिजे’. बशीतला चहा पहिल्या मिनिटात जितका निवतो तितका तिसऱ्या मिनिटात निवत नाही, कारण तोवर चहा आणि हवा यांतला फरकच कमी झालेला असतो. रेडिएटरचंही तसंच. पाणी हळू सोडलं तर खालच्या टोकाला ते जास्त थंड मिळतं हे खरं, पण तो खालचा भाग निम्मा बेकार बसतो आणि एकूण उष्णता कमी बाहेर पडते. तेवढ्याच वेळात इंजिनात अडकलेलं पाणी जास्त तापतं. भावाच्या होसमधली चकती आम्ही पहिल्याच रविवारी काढली.

बॉनेटवर मला सविस्तर लिहायचंय, कारण हा उपाय डोळ्यांना पटतो. गाडी उभी केली की मागच्या फटीतून गरम हवेच्या लाटा वर येताना दिसतात. माणूस म्हणतो, बघ, उष्णता निघतेय. उभ्या गाडीत ती निघते, वाद नाही. पण चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी समोरून येणारी हवा आपटते आणि तिथे दाब वाढतो. अनेक गाड्यांत केबिनमध्ये ताजी हवा घ्यायची जाळी तिथेच असते, ती याचसाठी. तिथे फट ठेवली तर हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते, इंजिनच्या मागे दाब वाढवते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचीच वाट अडवते.

हे आम्ही सुताने पाहिलं. लोकरीचे बोटभर तुकडे त्या फटीच्या कडेने चिकटपट्टीने लावले आणि धारगळजवळ महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यावर ताशी सत्तरने गाडी नेली. मी चालवत होतो, तो शेजारी बसून काचेतून बघत होता. चाळीसपर्यंत तुकडे नुसते फडफडले. साठच्या पुढे एकेक करून सगळे फटीत ओढले गेले. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर स्वतः पाना घेऊन वॉशर काढले.

हा हवेचा दाब मोजायलाच आम्ही नळी बनवली. मीटरभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवायची, त्यात थोडं रंगीत पाणी, एका टोकाची लांब नळी रेडिएटरच्या पुढे, दुसऱ्याची इंजिनच्या मागे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे हवेला रेडिएटरमधून ढकलणारा दाब. गाडीच्या वेगाने मिळणारा दाब मुळात किती तुटपुंजा असतो ते पाहा: ताशी ८० ला पाण्याचे जेमतेम २९ मिलिमीटर, ४० ला ७ आणि घाटातल्या ३० ला ४. वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो. तोही सगळा हाती लागत नाही. भावाच्या गाडीत ८० ला पुढे-मागे फरक भरला ८ मिलिमीटर. बाकीचा कुठे गेला? रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांची फट होती, कारण मूळ रेडिएटरच्या जागी वेगळ्या मापाचा बसवला होता. हवा सोप्या वाटेने जाते. तिला फिन्समधून, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पात्यांमधून, जायची सक्ती नाही. पुढे जाळीवर दोन मोठे फॉग लॅम्प आणि हॉर्न. आणि खाली इंजिनला धुळीपासून जपायला लावलेला सपाट पत्रा, म्हणजे आत आलेल्या हवेला बाहेर पडायची वाटच नाही.

आम्ही बाजूच्या फटी पत्रा आणि दाराच्या रबराने बुजवल्या, लॅम्प बंपरखाली नेले, खालचा पत्रा काढला आणि बंपरच्या खाली सहा सेंटिमीटरची रबरी पट्टी लावली. ती पट्टी खाणीवरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टची आहे. गतिरोधकाला लागली तरी वाकते, तुटत नाही. तिच्यामुळे गाडीखालून जाणारी हवा मागे कमी दाब सोडून जाते आणि इंजिनमधली गरम हवा खाली ओढली जाते. नळीत ८ चे १५ झाले. सगळ्याचा खर्च एका कूलंटच्या डब्याएवढाही नव्हता.

पंख्याचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. वर दिलेल्या आकड्यांवरूनच दिसेल की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पर्वरीच्या कोंडीत गाडीचा वेग काहीच दाब देत नाही. तिथे सगळा भार पंख्यावर. पण ‘पुढे’ आणि ‘मोठा’ हे दोन्ही शब्द दिशाभूल करतात. पुढे लावलेला पंखा हवा ढकलतो आणि महामार्गावर स्वतःच आडवा येतो. शक्य असेल तर तो मागे, ओढणारा असावा, आणि त्याला पूर्ण कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्या-फिन्सचा भाग, झाकणारं आवरण हवंच. भावाचा कोअर ४५ बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे १५७५ चौरस सेंटिमीटर. ३० सेंटिमीटरच्या पंख्याचं वर्तुळ ७०७. आवरण नसेल तर तो पंखा निम्म्याहून कमी रेडिएटर थंड करतो. डिचोलीच्या एका पत्र्याच्या मेस्तकडून आम्ही एक मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमचं आवरण करून घेतलं, कोअरपासून तीन सेंटिमीटर अंतर ठेवून. कोपऱ्यांत भोकं पाडून त्यांवर रबराचे पडदे लावले: कोंडीत पंख्याच्या ओढीने ते मिटतात, वेगात हवेने उघडतात. पंखा उलटा फिरत नाही ना, तेही पाहा. दोन वायरी बदलल्या की दिशा बदलते, आणि उलटी जोडणी मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिली आहे.

जुना डायनॅमो असलेल्या गाडीत असा पंखा लावण्याआधी थांबा. पंखा १२ ते २० अँपिअर खातो आणि डायनॅमो आयडलवर, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, जवळपास काहीच देत नाही. कोंडीत पंखा चालेल तो बॅटरीवर. आधी आल्टरनेटर, मग पंखा, आणि मध्ये रिले व फ्यूज.

चार रांगांचा रेडिएटर भावाने पैशाअभावी घेतला नाही, आणि बरं झालं. तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत पोचलेली हवा आधीच तापलेली असते आणि जाड कोअरमधून ती ढकलायला दाबही जास्त लागतो. ज्याच्याकडे आठच मिलिमीटर आहेत त्याने कोअर जाड करू नये. जागा असेल तर रुंद करावा. त्याहीआधी आहे तो धुवावा. साखळी-डिचोलीकडे वर्षानुवर्षं धावलेल्या गाड्यांच्या फिन्समध्ये खाणीची लाल माती विटेसारखी बसलेली असते, आणि किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने फिन्स पिठासारख्या भुगा झालेल्या. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, हलक्या दाबाने. फिन्स हाताला सुटत असतील तर धुवून उपयोग नाही, कोअर बदला.

राहिलं विहिरीचं पाणी. इथे निरोपात एक खरी गोष्ट आहे: निम्म्याला निम्मं कूलंट घातलेल्या मिश्रणापेक्षा साधं पाणी जास्त उष्णता वाहतं, किलोला ४.१८ किलोज्यूल विरुद्ध साधारण ३.५. पण त्याने अ‍ॅल्युमिनियम गंजतं, क्षार नळ्यांत बसतात, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा येतो तो वेगळाच. भावाच्या गाडीचं हेड उघडलं तेव्हा पाण्याच्या वाटा पांढऱ्या पुटाने भरल्या होत्या. गोव्यात पाणी गोठायची भीती नाही, म्हणून एक तृतीयांश कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर पुरे. उकळण्यापासून खरं संरक्षण रेडिएटरच्या दाब धरणाऱ्या झाकणाचं, म्हणजे कॅपचं आहे. ०.९ बारची कॅप धड असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तिचं रबर फाटलं असेल तर शंभरलाच उकळतं. भावाची कॅप फाटलेली होती, आणि सहा उपायांत तिचा उल्लेखही नाही. मात्र जुन्या पितळी टाकीवर जास्त दाबाची कॅप चढवू नका, सांधे उसवतात. आणि गरम इंजिनची कॅप कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. तोंडावर भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांच्याकडे अजून मूळ इंजिन आणि डिस्ट्रिब्युटर आहे त्यांनी टायमिंगही तपासून घ्यावं. ठिणगी उशिरा पडत असेल तर एक्झॉस्टकडे आणि हेडमध्ये जास्त उष्णता जाते, आणि तिला कुठलाही रेडिएटर पुरत नाही.

यंदाच्या मे महिन्यात भाऊ पुन्हा बेळगावला गेला, त्याच वाटेने, गाडीत चौघं. नवा थर्मोस्टॅट, नवी कॅप, बंद फटी, मागचा पंखा. घाटाच्या माथ्यावर त्याने तापमान पाहिलं: ९६. तिथे उभं राहून त्याने मला फोन केला आणि बराच वेळ मुलांचा गोंगाटच ऐकू येत राहिला.

ती यू नळी माझ्याकडे म्हापशात आहे. कुणाची गाडी कोंडीत तापते की महामार्गावर, एवढं आधी बघून ठेवा आणि नळी घेऊन जा.