तारमच्या लेकी घर सोडत नाहीत

दर महिला दिनाला एक मजकूर फिरत येतो. सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ नावाचे लोक आहेत, जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय समाज, त्यांच्यात सगळी जमीन बायकांच्या नावावर असते, वगैरे. जगातला सर्वांत मोठा, हे खरं आहे. इंडोनेशियात त्यांची संख्या ६० लाखांच्या वर आहे. ते मुसलमान आहेत आणि धर्म मनापासून पाळणारे आहेत, हे मात्र त्या मजकुरात सहसा नसतं. आणि "नावावर" हा शब्द आला की मला राहवत नाही.

गेली काही वर्षं या लोकांच्या शेतीबद्दल हाताला लागेल ते वाचतेय. त्यातून एक मत झालंय, ते आज सविस्तर लिहिते. तिथल्या बाईचा जमिनीवरचा हक्क पक्का आहे तो दोन कारणांनी. लग्न झालं तरी ती घर सोडून जात नाही, आणि घरातलं कुणी एक ती जमीन परस्पर विकू शकत नाही. कागदाचा नंबर त्यानंतर लागतो. आपण इकडे नेमकी कागदापासून सुरुवात केली.

तारम हे गाव घ्या. पश्चिम सुमात्रात लिमापुलुह कोता जिल्ह्यात, पायाकुंबुह शहराजवळ, भातखाचरांचं गाव. जवळच्या हराऊच्या दरीतले उंच कडे बघायला लोक लांबून येतात, पण तारमचं नाव इंडोनेशियातही फारसं कुणाला माहीत नसेल. एव्हलिन ब्लॅकवुड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे राहिल्या, म्हणून या गावाबद्दल बारकाईने लिहिलेलं सापडतं. त्यांच्या आधीच्या बहुतेक अभ्यासकांनी दातुक, म्हणजे कुळाचे पदवीधारी पुरुष, सभेत काय बोलतात ते टिपलं होतं. ब्लॅकवुड स्वयंपाकघरात आणि बांधावर बसल्या. कुठलं खाचर यंदा कोणी करायचं, कोणत्या लेकीला कोणतं द्यायचं, अडचण आली तर काय गहाण टाकायचं, हे घरातली थोरली बाई ठरवते आणि दातुक ते सभेत बोलून दाखवतो, असं त्यांना दिसलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

आता रचना. गावाला तिकडे नगारी म्हणतात. नगारीत अनेक सुकु, म्हणजे कुळं. मूल आईच्या कुळाचं. कुळाच्या आत काउम, म्हणजे एका पूर्वज-आजीपासूनची माणसं, आणि शेतजमीन असते ती या काउमची. जुन्या रुमाह गदांगमध्ये, म्हणजे शिंगांसारखी टोकं वर गेलेल्या छपराच्या मोठ्या घरात, प्रत्येक लग्न झालेल्या लेकीला एक खोली असे. नवरा तिथे यायचा. मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की रात्री झोपायला सुराऊत, म्हणजे कुळाच्या प्रार्थनाघरात जायचे, कारण घरात त्यांना खोलीच नव्हती. आलेल्या जावयाबद्दल त्यांच्यात म्हण आहे: बुंध्यावरची राख. फुंकर आली की उडाली. आज बहुतेक जोडपी साध्या सिमेंटच्या घरात वेगळी राहतात, पण ते घर बांधलेलं असतं बायकोच्या काउमच्या जागेवर. संसार मोडला तर उठून जातो तो नवरा. बाई, मुलं, चूल, समोरचं खाचर, सगळं जागच्या जागी राहतं.

पुरुष मोकळा सुटलेला नसतो, हेही सांगायला हवं. बहिणीच्या मुलांची जबाबदारी मामावर. त्याला ममाक म्हणतात, आणि म्हण अशी की आपलं मूल मांडीवर घ्यावं, भाच्याला हात धरून चालवावं. दातुक ही पदवीसुद्धा मामाकडून भाच्याकडे जाते. पदवी पुरुषांची आणि जमीन बायकांची अशी ती वाटणी आहे, आणि दोन्ही आईच्या बाजूनेच उतरतात. तान मलाका हा इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला मोठा क्रांतिकारक याच लिमापुलुह कोताचा, आणि तोही दातुक होता. तरुण पोरं कमवायला गाव सोडून जातात ती परंपराही इथलीच. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात पदांग (पश्चिम सुमात्राची राजधानी) पद्धतीची खानावळ दिसते ती या गाव सोडलेल्या मुलांमुळे. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हत्ता मिनांगकाबाऊच.

जमीन दोन प्रकारची. वाडवडिलांची, खरं तर आजी-पणजीची, ती उंच पुसाको. आणि नवरा-बायकोने स्वतः कमावलेली ती वेगळी. उंच पुसाकोवर कुणाचीच मालकी नाही आणि सगळ्यांची आहे. त्यातलं एखादं खाचर एखाद्या लेकीच्या हाती कसायला दिलं जातं. ती ते पिकवते, त्यातून घर चालवते, पुढे तिच्या लेकी चालवतात. पण विकायचं म्हटलं तर विकता येत नाही. गहाण टाकता येतं, तेही काउमच्या सगळ्यांची संमती असेल तर, आणि परंपरेने चारच कारणांसाठी: मोठं घर गळायला लागलं, वयात आलेल्या मुलीचं लग्न अडलं, घरात प्रेत आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, किंवा कुळाची थांबलेली पदवी पुन्हा उभी करायची आहे. ही चार कारणं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ तिथेच थांबले. छप्पर, लग्न, मरण आणि कुळाची इज्जत. यात धंदा नाही, गाडी नाही, पोराचं कर्ज नाही.

गहाणाची रक्कम बहुधा सोन्यात धरतात, म्हणजे वीस वर्षांनी सोडवायला गेलं तरी देणाऱ्याचं नुकसान नाही. मुदत नसते. जमीन नातीनेसुद्धा सोडवावी. १९६०मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने नियम केला की सात वर्षं गहाण राहिलेली शेतजमीन पैसे न घेता मूळ मालकाला परत द्यायची. सावकारी मोडायला केलेला चांगला नियम. पण मिनांगकाबाऊ गावांनी तो मनावर घेतला नाही. त्यांच्याकडे गहाण घेणारी बऱ्याचदा चुलत-मावसबहीणच असते, तिने अडचणीला सोनं दिलेलं असतं, आणि ते न फेडता जमीन परत मागणं त्यांच्या दृष्टीने लाज आणणारं आहे. इथे मी गावाच्या बाजूची आहे.

रोजचं शेतीचं काम काही स्वर्गातलं नाही. लावणी, खुरपणी, कापणी यांत बायकांचं कंबरडं मोडतं. जुलोजुलो म्हणून त्यांची पद्धत आहे, बायकांचा गट एकमेकींच्या खाचरात आळीपाळीने राबतो, आपल्या सावडीसारखीच. ज्यांच्याकडे जास्त जमीन आहे त्या निम्म्या वाट्याने दुसऱ्याला कसायला देतात. पूर्वी मोठ्या घरासमोर धान्याच्या कणग्या असत, उंच खांबांवर, आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं. एक रोजच्या खाण्याची, एकीतलं भात विकायचं, आणि एक दुष्काळासाठी आणि गावातल्या उपाशी माणसासाठी राखलेली.

आता माझ्या घरचं सांगते, कारण त्याशिवाय हे मत माझं कसं झालं ते कळणार नाही. आजोबा गेल्यावर आई आणि दोन्ही मावश्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी दमदाटी केली नाही. मामा चांगला माणूस आहे, आजही दिवाळीला न चुकता बोलावतो. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, २००५मध्ये तो देशभर झाला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेसुरले प्रश्नही मिटवले. कायदा पूर्णपणे आईच्या बाजूने होता. तरी तिने सही केली, कारण सोलापूरकडच्या त्या जमिनीचं ती पुण्यात राहून करणार काय होती? बांध कोण बघणार, पाणी कोण धरणार? आणि हिस्सा मागितला तर वर्षातून चार दिवस जायची जागाही जाणार. तिच्या हातात एक हिस्सा होता आणि तो वापरायला पायाखाली गाव नव्हतं.

शरद जोशींनी हे ओळखलं होतं असं मला वाटतं. १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा माहेरचा हिस्सा बाजूला ठेवून नवऱ्यांना सांगितलं की तुमच्या शेतातला तुकडा बायकोच्या नावाने करा. जिथे ती रोज राबते तिथली जमीन. गावंच्या गावं पुढे आली होती. त्या कार्यक्रमाला पुढे जेवढी साथ मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तारममध्ये हा पेच पडतच नाही. लेक जिथे जन्मते तिथेच राहते, तिथेच राबते, तिथेच म्हातारी होते. हिस्सा आणि गाव एकत्र. बहिणीने भावासाठी सोडायचं काही उरत नाही, आणि भावानेही लहानपणापासून धरलेलं असतं की आपण दुसऱ्या घरी जाणार.

म्हणून ते गाव आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. ज्या घरात मुलगीच जन्मली नाही ते घर संपतं, आणि मग त्या जमिनीवरून नात्यातल्या शाखांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालतात. सगळी कुळं सारखीही नाहीत. जुनी घराणी आधी आली, त्यांच्याकडे चांगली पाण्याची खाचरं. मागून आलेली कुटुंबं त्यांच्या आश्रयाने राहिली, त्यांच्या कुळाचं नाव लावलं, त्यांच्याच शेतात वाट्याने राबली, आणि पिढ्या गेल्या तरी कोण मूळचं आणि कोण आश्रित हे गाव विसरत नाही. आश्रित घरातली बाईही मातृवंशीयच, पण तिच्या वाट्याला खाचर नाही. महिला दिनाच्या मजकुरात ही बाई कधी येत नाही. तिला वगळून मातृवंशाचं कौतुक करणं मला पटत नाही.

आणि धर्माचा प्रश्न. इस्लामच्या वारसा नियमात मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा आहे. अहमद खतीब हे मिनांगकाबाऊचेच, मक्केच्या मशिदीत शाफई पंथाचे इमाम झाले. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरळ सांगितलं की पोटच्या मुलांऐवजी भाच्यांनी खाल्लेली ही जमीन लुबाडलेली आहे. स्वतः ते गावी परतलेच नाहीत. त्यांचेच शिष्य हाजी रसूल यांनी वेगळा विचार मांडला: उंच पुसाको ही कुणा मेलेल्या माणसाची मालमत्ताच नाही, ती वक्फासारखी कायमची बांधलेली आहे, मग तिची वाटणी करायची कशी? १९५२मध्ये पश्चिम सुमात्रातल्याच बुकितिंगी शहरात कुळप्रमुख आणि उलेमा, म्हणजे धर्मपंडित, एकत्र बसले आणि ठरलं की नवरा-बायकोची कमाई शरियतप्रमाणे मुलांकडे जाईल, आणि पूर्वापार जमीन रूढीप्रमाणे लेकींच्या रांगेतच राहील. इतक्या अवघड प्रश्नावर कितीतरी वर्षं वाद घालून, दोन्ही बाजू राखून, गावं न मोडता काढलेला हा तोडगा आहे. कमावलेलं पोटच्या मुलांना देता येतं म्हणून बापाचं मनही राहतं, आणि लेकीच्या पायाखालचं खाचरही.

आपल्याच देशात याच्या उलट घडलं. केरळमध्ये मरुमक्कत्तायम, म्हणजे आईकडून वारसा जाण्याची पद्धत होती, तरवाड, म्हणजे अशी मोठी एकत्र कुटुंबं होती, आईकडून उतरणारी जमीन होती. विसाव्या शतकात एकामागून एक कायदे आले, प्रत्येकाला आपला हिस्सा मागायची मुभा मिळाली, आणि १९७५च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची मालकीच संपवली. त्या पद्धतीतही कर्त्या मामाची मनमानी होती, बदल हवाच होता, हे मान्य. पण मालकी वेगवेगळ्या नावांत विभागली आणि तरवाडांची घरं आणि जमिनी बघता बघता विकल्या गेल्या.

पश्चिम सुमात्रात आता तीच वेळ आलीय असं मला वाटतं. १९७९च्या कायद्याने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने सगळ्या देशात एकाच साच्याची गावं केली आणि नगारी मोडून तुकडे केले. २०००नंतर नगारी परत आली, पण मधल्या वीस वर्षांत गावसभेची सवय तुटली होती. २०१७च्या सुमारास तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांच्या सरकारने देशभर जमिनीच्या नोंदणीचा वेग वाढवला. प्रत्येक तुकड्याला नकाशा, प्रत्येक तुकड्याला प्रमाणपत्र. कागद नसेल तर बँक कर्ज देत नाही, रस्त्यात जमीन गेली तर भरपाई कुणाला द्यायची ते ठरत नाही. त्यामुळे गावकऱ्यांनाही कागद हवाय, आणि त्यांना दोष द्यावा असं त्यात काही नाही.

प्रश्न आहे कागदावर कोण. काउमच्या जमिनीची नोंद करताना रंजी लागते, म्हणजे आईच्या बाजूची वंशावळ, आणि तिच्यावर काउमच्या थोरल्या ममाकची, दातुकची आणि नगारीच्या रूढीसभेची सही. म्हणजे सह्या बहुतेक पुरुषांच्या. प्रमाणपत्र कधी त्या ममाकच्या नावे निघतं, कधी सगळ्या सदस्यांची नावं येतात, कधी कसणाऱ्या एकट्या बाईच्या नावे होतं. ममाकच्या एकट्याच्या नावे झालं तर उद्या त्याची स्वतःची मुलं, जी दुसऱ्या कुळाची आहेत, बापाचं म्हणून ते मागू शकतात. एकट्या बाईच्या नावे झालं तर तिला ते विकता येतं, आणि तिच्या बहिणींचा त्यावरचा हक्क कागदापुरता तरी संपतो.

माझं म्हणणं, तिथल्या प्रमाणपत्रावर रंजीतल्या सगळ्या जिवंत बायकांची नावं लिहावीत, मुलगी जन्मली की तिचं नाव चढावं, आणि सगळ्यांच्या सहीशिवाय विक्री होणार नाही असा शेरा त्याच कागदावर असावा. आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कात असे शेरे असतातच. यादी लांब होईल, कारकुनाला त्रास होईल. होऊ दे.