काही त्रास नाही म्हणे

आज दादाला भेटून आले. अजून हातपायही धुतलेले नाहीत, तशीच लिहायला बसलेय.

दादा 42 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आई गेल्यापासून घोडबंदरकडच्या एका निवासी संस्थेत असतो. मी दिसले की माझा हात धरून स्टेशनं म्हणायची, हे आमचं ठरलेलं. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर... कल्याण आल्याशिवाय हात सुटत नाही. आज 'ठाणे' म्हणाला आणि थांबला. हनुवटीवर लाळ, कॉलर ओलीचिंब, डोळे अर्धवट. आणि तिथल्या मावशी कौतुकाने सांगतात, "ताई, आता एकदम शांत झालाय हो. काही त्रास नाही त्याचा."

फाइल मागितली. महिन्यापूर्वी रिस्पेरिडोन, म्हणजे मानसिक आजारावरची गोळी सुरू, पंधरा दिवसांत डोस वाढवलेला. कारण काय, तर 'आक्रमक, स्वतःला मारतो'. कुठे मारतो? गालावर! मी त्याला 'आ' करायला लावलं. डावीकडची दाढ काळी पडलेली, हिरडी टरारून सुजलेली. त्याला दाढ दुखते हे सांगता येत नाही, म्हणून तो गाल बडवत होता. दुखणं दाढेचं आणि गोळी दिली गप्प करायची. तोंडात कुणी एकदा बॅटरी मारून बघायचं होतं, एवढंच!

मान्य, वीसजणांमागे एक मावशी असते. काहींना अशी औषधं खरंच लागतात, तेही मान्य. फिटच्या गोळ्यांबद्दल तर मी बोलतच नाहीये. पण माणूस आवरत नाही म्हणून गुंगीत ठेवायचा?

इंग्लंडमध्ये 2016 पासून सरकारी आरोग्यसेवाच अशा माणसांची नको ती औषधं कमी करायची मोहीम चालवतेय. आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा मतिमंदत्वाला मानसिक आजारात धरतच नाही, गोळ्या मात्र त्याच. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून मी दादाची पालक म्हणून कागद करून घेतलाय. सहलीला न्यायचं तर संस्था माझी सही घेते. या गोळीला साधा फोनसुद्धा केला नाही.

मावशींवर राग नाही माझा. त्यांनीच येऊन त्याचा शर्ट बदलला, केस विंचरले. मी निघाले तर दादा हात सोडेना. कल्याण आलंच नव्हतं ना.

मंगळवारी दाढ दाखवायचीय. गोळी मनाने बंद करणार नाही, एकदम थांबवली तर उलटायची. डॉक्टरांसमोर फाइल ठेवून विचारणार आहे, का दिली, किती दिवस, आणि कमी कधीपासून करायची.