हायबरी, ट्रान्झिट कॅम्प आणि आमची चाळ

रविवारी आमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. साडेतीन तास, दोनदा चहा, निष्पन्न काही नाही. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "तीन पिढ्या इथं गेल्या, आता ही परंपरा मोडायची?" सगळे गप्प. मला मात्र आर्सेनल आठवलं, लंडनचा माझा लाडका फुटबॉल क्लब. मला कशावरूनही आर्सेनल आठवतं, घरच्यांनी आता बोलणं सोडलंय.

पण खरंच, ज्याला आम्ही गूनर मंडळी, म्हणजे आर्सेनलचे चाहते, 'परंपरा' म्हणून छातीशी धरतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी लोकांना आगाऊपणा वाटली होती.

सुरुवातीपासून बघा. 1886 मध्ये आग्नेय लंडनच्या वुलिचमध्ये, सरकारी दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांनी ही टीम काढली. आपल्या खडकीच्या कारखान्यातल्या पोरांनी सुटीनंतर काढावी तशीच. पाच वर्षांत त्यांनी ठरवलं की आपण खेळाडूंना पगार द्यायचा. उत्तर इंग्लंडमध्ये तोवर हे चालत होतं, पण लंडनमध्ये पैसे घेऊन खेळणं म्हणजे बाटणंच. स्थानिक स्पर्धांची दारं बंद झाली, टीम वाळीत पडली. पण त्याच टीमला 1893 मध्ये फुटबॉल लीगनं आत घेतलं. दक्षिण इंग्लंडमधून लीगमध्ये गेलेला हा पहिला क्लब.

मग 1910 मध्ये क्लब बुडायच्या बेतात असताना हेन्री नॉरिस आला. धंद्यानं कोण? बिल्डर! आधी त्यानं लंडनचाच दुसरा क्लब फुलहॅम आणि आर्सेनल एकत्र करायचा घाट घातला, लीगनं नाही म्हटलं. 1912-13 च्या मोसमात 38 पैकी फक्त 3 सामने जिंकून टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. मैदानावर माणसं येईनात. तेव्हा नॉरिसनं सरळ बिऱ्हाड उचललं आणि थेम्स ओलांडून उत्तर लंडनमध्ये, हायबरीत नेऊन टाकलं. जागा एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजची. 21 वर्षांचा भाडेपट्टा आणि अटी अशा की गुड फ्रायडे आणि ख्रिसमसला सामना नाही, दारूविक्री नाही. शेजारच्या टॉटनहॅम क्लबनं बोंब मारली, तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. त्यानं कुणाचं ऐकलं नाही, कारण दाराशीच गिलेस्पी रोड हे भुयारी रेल्वेचं स्टेशन होतं. स्टेशनजवळच्या जागेचं मोल मुंबईकराला कशाला समजवायला हवं?

वुलिचच्या लोकांचं काय झालं, हा प्रश्न आम्ही गूनर सहसा विचारत नाही. ज्या कारखान्याची तोफ आजही आमच्या चिन्हावर आहे, तिथल्या माणसांची टीम एका उन्हाळ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. निर्णय धाडसी होता, बरोबरही ठरला. पण त्यांच्यावर अन्याय झाला, हे मला मान्य करावंच लागतं.

1919 ची गोष्ट मात्र मी धाडसात धरत नाही. महायुद्धानंतर वरच्या डिव्हिजनमध्ये दोन जागा वाढल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचव्या-सहाव्या नंबरावर असलेलं आर्सेनल मतदानात वर गेलं. आम्हाला 18 मतं, टॉटनहॅमला 8. याला आपल्याकडे सेटिंग म्हणतात. स्पर्सवाले, म्हणजे टॉटनहॅमचे चाहते, शंभर वर्षांनंतरही यावरून भांडतात. भांडू द्या, मुद्दा त्यांचाच आहे. (तेव्हापासून आर्सेनल एकदाही खाली गेलेलं नाही, हे आपलं जाता जाता.) पुढे क्लबच्या पैशांवरून फुटबॉल असोसिएशननं नॉरिसलाच बाहेरचा रस्ता दाखवला.

पण जाण्याआधी त्यानं एक माणूस आणला. मॅनेजर हर्बर्ट चॅपमन, 1925. गंमत म्हणजे नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं होतं की भरमसाट पैसे मोजून खेळाडू आणणाऱ्यांनी अर्ज करू नये. आणि याच चॅपमननं तीन वर्षांनी डेव्हिड जॅक या खेळाडूसाठी दहा हजार पौंडांच्या वर मोजले, त्या काळचा विक्रम! सांगतात की जॅकच्या क्लबच्या, म्हणजे बोल्टनच्या, लोकांशी बोलणी हॉटेलात झाली आणि चॅपमननं वेटरला आधीच बजावलं होतं, पाहुण्यांच्या ग्लासात जिन दुप्पट आणि माझ्यात थेंबही नको. पाठीवर नंबर लावून खेळून पाहिलं, लीगनं नको म्हटलं. प्रकाशझोतातल्या सामन्यांचा आग्रह धरला, तोही हाणून पाडला. लाल शर्टाला पांढऱ्या बाह्या त्याच्याच काळात, 1933 मध्ये आल्या. 1932 मध्ये तर त्या गिलेस्पी रोड स्टेशनचं नावच त्यानं आर्सेनल करून घेतलं. तिकिटं, नकाशे, पाट्या, सगळं बदलायला लावलं. चर्नी रोड स्टेशनला एखाद्या क्लबचं नाव देऊन दाखवा बरं.

पुढचा मोठा मॅनेजर वेंगर, त्याच्याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. 1996 मध्ये जपानमधल्या नागोयाहून आलेला, चष्मेवाला, मास्तरासारखा दिसणारा फ्रेंच माणूस. आठ वर्षांत त्याची टीम अख्खा लीग मोसम न हरता खेळली, 26 विजय, 12 बरोबरी.

माझ्या मते खरं धाडस त्यानंतरचं आहे. हायबरीत जेमतेम 38 हजार माणसं मावायची. लीगमध्ये न हरणारी टीम हाताशी असताना क्लबनं 390 मिलियन पौंडांचं स्टेडियम पाचशे यार्डांवर बांधायला घेतलं, जिथे आधी कचऱ्याचा डेपो होता. आणि 2006 नंतर आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो. मैदान चकाचक होतं, पण संसार काटकसरीचा. मोठे खेळाडू एकेक करून सुटले: आन्री गेला, फाब्रेगास गेला, फान पर्सी तर थेट मँचेस्टर युनायटेडला. 2008 च्या मंदीत हायबरीच्या जागेवर क्लब बांधत असलेल्या फ्लॅट्सची चिंता वेगळीच. ऑगस्ट 2011 मध्ये युनायटेडनं 8-2 मारले त्या रात्री मी टीव्ही बंद करून गॅलरीत उभा होतो. मीही 'वेंगर आऊट' लिहिलंय, सोशल मीडियाच्या याच भिंतीवर, शोधलंत तर सापडेल. लोक चौथ्या नंबरावर मीम्स करायचे, पण त्या पैशांत दरवर्षी पहिल्या चारांत राहणं काय असतं, हे मला स्वतःचं गृहकर्ज सुरू झाल्यावर कळलं.

नऊ वर्षं ट्रॉफी नाही. मग 17 मे 2014, आपल्याकडे लोकसभेच्या निकालाचा दुसरा दिवस. एफए कपची फायनल, हल सिटी क्लबविरुद्ध सुरुवातीलाच 0-2. अतिरिक्त वेळेत आमच्या रॅमसीनं 3-2 केलं. मी ओरडलो तेव्हा शेजारच्यांना वाटलं, आमच्याकडे उशिरा कळलं बहुतेक कोण जिंकलं ते.

हायबरीच्या मैदानाच्या जागी आता बाग आहे, भोवती फ्लॅट्स. ईस्ट स्टँडचा दर्शनी भाग मात्र तसाच ठेवलाय, कारण तो वारसा यादीत आहे.

तर काका, पुढच्या मीटिंगला मी येतोय, सहीसुद्धा करीन. फक्त कॉर्पसचा आकडा, महिन्याचं भाडं आणि ट्रान्झिटची मुदत करारात लिहून घेऊ. नॉरिसही बिल्डरच होता.